लेआऊटमधली मोकळी जागा

आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला आणि घरात उभं राहण्याजोगी बाई मी एकटीच होते, म्हणून मी नगरसेविका झाले. तसं खरं कारण मामाजी. माझे सासरे. कोर्टातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले, आवाज खणखणीत आणि प्रत्येक गोष्टीत मत ठरलेलं. "तू फक्त उभी राय, बाकी मी पाहतो," ते म्हणाले, आणि प्रचारही त्यांनीच केला. निवडून आल्यावर मात्र त्यांना वाटलं, की निवडून तेच आलेत.

कापसाचं काही खरं नव्हतं त्या वर्षांमध्ये. गावाला लागून असलेली वावरं एकामागून एक विकली जात होती आणि तिथे चुन्याच्या रेघा पडून घरांच्या प्लॉटचे लेआऊट उभे राहत होते. लेआऊट पाडणाऱ्यांनी नगरपरिषदेत विकास शुल्क भरायचं, आणि त्या पैशातून त्याच भागात लोकांच्या सोयीचं काही करायचं, असा नियम होता. आमच्या वॉर्डात एक मोठा लेआऊट पडला होता. मध्ये मोकळी जागा सोडलेली. मुख्याधिकारी मला म्हणाले, "मॅडम, तिथं काय पाहिजे ते लोकांना विचारा आणि सभेत प्रस्ताव आणा."

मी घरी येऊन हे सांगितलं आणि पोळी तोडता तोडता मामाजींनी निकाल दिला, "ज्येष्ठांसाठी सभागृह. पंखे, टीव्ही, कॅरम. झालं."

"पण मामाजी, लोकांना विचारायचं आहे."

"मी लोक नाई काय?"

मी लेआऊटमध्ये घरोघर फिरले. बायका म्हणाल्या, पोरींना खेळायला जागा द्या. तिथल्या मुली रोज संध्याकाळी त्या मोकळ्या जागेत खो-खो खेळत. खाली खडे, मध्येच खड्डा, खांब म्हणून दोन वाकडे बांबू. तालुक्याच्या स्पर्धेत त्या हरून आल्या होत्या आणि तरीही हसतच आल्या होत्या. मी ठरवलं, मैदानच करायचं.

हे मामाजींना कळलं आणि आमच्या घरात विरोधी पक्ष तयार झाला. ते माझ्याशी थेट बोलेनात. जेवताना ह्यांना म्हणत, "नगरसेविका बाईंना सांग, वरण आळणी झालं." दुपारी मित्रमंडळी घेऊन ते माझ्याच मतदारांकडे माझ्याच विरोधात प्रचाराला जात. एका घरी आम्ही समोरासमोर आलो. घरातली बाई बिचारी गोंधळली. तिनं दोघांनाही चहा दिला आणि म्हणाली, "बाप्पा, तुमचं घरीच ठरवून या ना!"

शेवटी जागेची पाहणी ठरली. नगरपरिषदेचे इंजिनिअर आले, मामाजी आपले चार साथीदार घेऊन आले, मी आले. पोरी खेळत होत्या. आम्हाला पाहून थांबल्या.

"खेळा, खेळा," इंजिनिअर म्हणाले.

खेळ पुन्हा सुरू झाला. मामाजी आधी पाठ करून उभे होते. मग तिरके झाले. मग एकदम ओरडले, "फाउल! दिशा बदलली तिनं! फाउल आहे!"

मामाजी काठी घेऊन मध्येच शिरले. शाळेत असताना ते खो-खो खेळत, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही माहीत नव्हतं. "खो देताना हात पाठीले लागला पायजे. आणि उठताना अशी कायले उठतं? वाकून उठ!" असं म्हणत ते स्वतः उकिडवे बसून उठूनही दाखवायला लागले. त्यांच्या साथीदारांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं.

इंजिनिअरनी हसू आवरत विचारलं, "इथं पाणी कुठं साचतं?"

पोरींमधली एक उंचशी पुढे आली. "त्या कोपऱ्यात साचते, साहेब. उतार तिकडंच आहे."

"तुले कसं माहीत?" मामाजींनी विचारलं.

"आमचंच वावर होतं ना हे, आबाजी. इथं पऱ्हाटी रायची. मी कापूस वेचाले यायची." ती हे अगदी सहज बोलली आणि मैत्रिणींकडे पळाली.

मामाजी काठी टेकत त्या कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. घरी परतताना रस्त्यात, बऱ्याच दिवसांनी, ते थेट माझ्याशी बोलले. "सभागृह राहू दे. मैदान कर. पण एका बाजूनं शेडचा ओटा पायजे. आम्ही बसू कुठं? आणि पंच कोण राहीन तुया मैदानात?"

सर्वसाधारण सभेत गोंधळ झालाच. एका सदस्यांना तो पैसा गावाच्या वेशीवर कमान बांधायला हवा होता. "गावाची शोभा वाढते," ते म्हणाले. मी म्हटलं, "हे शुल्क त्या लेआऊटचं आहे. कमानीखाली तिथल्या पोरी खो-खो कशा खेळतील?" सभागृह हसलं, तेही हसले. मुख्याधिकाऱ्यांनी नियम वाचून दाखवला, नगराध्यक्षांनी हात वर करायला सांगितलं आणि ठराव मंजूर झाला. कमानवाल्यांचा हातही वर होता.

मैदानाचं सपाटीकरण झालं, खांब पक्के रोवले गेले, ओट्यावर पत्रे पडले. पहिल्या सामन्याला मी नगराध्यक्षांना घेऊन गेले तर मामाजी शिट्टी फुंकून आम्हालाच ओरडले, "रेघेच्या बाहेर व्हा! खेळ चालू आहे!" नगराध्यक्ष मुकाट्यानं मागे सरकले. मी चपला हातात घेऊन ओट्यावर म्हाताऱ्यांच्या रांगेत जाऊन बसले. शेजारच्या आजोबांनी मला शेंगदाणे दिले आणि समजावलं, "बाई, त्या उंच पोरीवर लक्ष ठेवा. ती सापडतच नाही कोनाले."