डॉक्टरीणबाई खरं काय म्हणाल्या होत्या

गच्चीवरची गादी खाली आणली, ते आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम. कापसाची गादी, दिवसभर उन्हात टाकलेली. मी पुढं, बायको हौसा मागं. जिन्याच्या वळणावर ती थांबली, पायरीवर बसली, पदरानं मान पुसली. म्हणाली, "थांबा की वाईच. दम खाऊ द्या." मी म्हणालो, "गादी हलकी हाय, तूच जड झालीयास." ती हसली. मीही हसलो. मग गादी आत घातली, जेवलो, झोपलो.

एवढं सगळ्यांना सांगून झालंय. ऐकणाऱ्याला बरं वाटतं — बघा, बाई शेवटपर्यंत हसत होती. पण त्याच्या मागचं आणि पुढचं माझ्या तोंडातून कधी बाहेर पडलेलं नाही. पोराला नाही, गावाकडच्या भावाला नाही. देवापुढं हात जोडले तेव्हासुद्धा दुसरंच काहीतरी बोललो. आज लिहितोय. चौथी शिकलोय, वाक्यं वाकडी पडतील. पडू देत. समजूत मात्र घालू नका. समजूत घालणाऱ्याचा मला फार राग येतो.

मी खानापूर तालुक्यातला. सोनं-चांदी आटवायचं काम, आमच्यात त्याला गलाई म्हणतात. मिसरूड फुटत होतं तेव्हा चेन्नईला आलो आणि चाळीस वर्षं भट्टीपुढं काढली. तमिळ तिथंच शिकलो, आधी शिव्या आणि मग बाकीचं. हौसा लग्न होऊन आली ती गलाईवाल्यांच्या गल्लीत. वर मराठी, खाली मराठी, नळावर भांडण तेही मराठी. तिला तमिळ लागलंच नाही. पुढं शहराच्या कडेला तांबरमला घर केलं, तिथं शेजारीपाजारी एक मराठी माणूस नाही. भाजी घेण्यापुरतं तिला यायचं. किती, नको, अजून दोन मिरच्या घाल. बाकी सगळं मी. बँकेत मी, रेशनला मी, दवाखान्यात मी.

हे नीट ध्यानात घ्या. परक्या माणसाचं जे काही तिच्या कानात जायचं, ते माझ्या तोंडातून जायचं.

ती जायच्या तीन वर्षं आधी तिची साखर निघाली, बरोबर रक्तदाबही. आमच्या गल्लीच्या टोकाला डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. बाई साठीच्या, आवाज करडा. त्यांनी हौसाचा हात हातात धरला आणि तिच्याकडं बघूनच तमिळमध्ये बोलल्या, तिला कळत नाही हे माहीत असून. रोज सकाळी पाऊण तास चालायचं. झपझप, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही असं. रात्रीचा भात अर्धा, पालेभाजी दुप्पट. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठायचं. आणि औषध म्हणून करू नका, म्हणाल्या, दात घासता तसं करा — दात घासायला कुणी मुहूर्त बघतं का? मग माझ्याकडं वळल्या. ही एकटी रस्त्यावर जायची नाही, तुम्ही बरोबर जा. तुमच्याही पोटाला त्याची गरज आहे.

शब्द न् शब्द मला कळला. आजही पाठ आहे.

हौसानं माझ्याकडं बघितलं. "काय म्हणत्यात बाई?"

आता काय सांगू? कारण इतकं हलकं आहे की लिहिताना बोटं आखडतात. भट्टी सुटली तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं, आता सातच्या आत उठायचं नाही. उठलं की उशाशी चहा पाहिजे, मग आंघोळीचं पाणी, मग गरम भाकरी. सकाळी ही पाऊण तास चालायला गेली तर चहा कोण करणार? आणि मी हिच्या मागं रस्त्यानं कशाला फिरू — काही काम ना धंदा, हात हलवत? आमच्या गावात बिनकामाचं चालणाऱ्याला लोक हसायचे. बस. एवढंच. यापेक्षा मोठं कारण शोधून बघितलं, सापडत नाही.

मी म्हणालो, "म्हणत्यात, गोळी चुकवू नका. घरातलं काम करताय तेवढा व्यायाम बास. बाहेर फार फिरू नका, गुडघं जातील."

ती म्हणाली, "एवढा वेळ बोलल्या आणि एवढंच?"

"तमिळ लांबच असतंय," मी म्हणालो.

ती हसली. डॉक्टरीणबाईंना तिनं हात जोडले. बाईंना वाटलं, समजलं हिला. त्याही हसल्या. त्या दोघींच्या मधे मी बसलो होतो.

एकदाचं खोटं असतं तर एक वेळ — नाही, तसंही नाही. पण एकदाचं नव्हतंच. आमचा पोरगा संतोष चेन्नईतच सिरुसेरीला कंपनीत आहे, राहतोही तिकडंच. आईची साखर कळल्यावर त्यानं तिच्यासाठी बूट आणले, निळ्या पट्ट्यांचे. तो गेल्यावर तिनं ते घालून घरातल्या घरात चार फेऱ्या मारल्या, आरशात पाय बघितले, आणि मला म्हणाली, "समोरच्या बाया सकाळी चालाय जात्यात. मीबी जाऊ का त्यांच्यासंगं? त्यांचं बोलणं नाय कळलं तरी पाय तर चालत्यात."

पाय तर चालत्यात! लग्नाआधी कोसभरावरनं डोक्यावर दोन घागरी आणणारी बाई ती. चालायला तिला काय शिकवायचं होतं? तिला फक्त हो म्हणायचं होतं. मी म्हणालो, "डॉक्टरीण नको म्हणली ना? पडलीस तर मी निस्तरू काय?" चार दिवसांनी ते बूट तिनं जिना झाडणाऱ्या बाईला देऊन टाकले.

दर तीन महिन्यांनी दवाखान्यात जायचो. बाई विचारायच्या, चालतात का? मी तमिळमध्ये म्हणायचो, थोडं थोडं. आकडा वाढलेला असायचा. बाई गोळी वाढवायच्या. हौसा बाहेर येऊन विचारायची, "माझं काय चुकतंय व्हय?" तीन वर्षांत किती वेळा विचारलं असेल? आणि मी — मी तिला हंडा म्हणायचो. बसून बसून हंडा झालीस. पोरासमोर म्हणायचो, पाहुण्यांसमोर म्हणायचो. जिला मीच बसवून ठेवली तिला बसते म्हणून हसायचो. असा माणूस तुम्ही बघितलाय का कुठं? मी रोज बघतो, दाढी करताना.

तुम्ही विचाराल, आता चालता का? चालतो. पाऊण तास, रोज. रात्री भात अर्धा. पहिल्यांदा पाय ओढत गेलो, आता पाय आपोआप दाराकडं जातात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं, दात घासल्यासारखं. काही अवघड नव्हतं हो! पंधरा दिवसांत अंगवळणी पडलं. पोट उतरलं, झोप लागते, जिना चढताना धाप नाही. माझी तब्येत सुधारत चाललीय आणि मला त्या सुधारण्याचीच चीड येते. समोरच्या बाया वाटेत भेटतात, मान हलवतात. त्यांच्या पायांकडं मी बघत नाही.

आणि संतोष. आई गेल्यापासून तोही पळायला लागलाय. आपल्या पोरीला, सात वर्षांच्या पोरीला, सांगतो की आजीनं डॉक्टरचं ऐकलं नाही म्हणून आजी गेली. परवा ती माझ्या मांडीवर बसून म्हणाली, "ताता, आजी लेझी होती ना?" तिला मराठी जेमतेम येतं, आजोबालाही तमिळमधलं ताता म्हणते. आजीविषयी तिच्याजवळ एवढं एकच वाक्य आहे. संतोष बाजूलाच होता, म्हणाला, "आईला बाबांनी किती सांगितलं, पण ती हट्टी." माझ्या हातातली वाटी मी भिंतीवर फेकली. सून घाबरली. संतोषला वाटलं, बापाला आईची आठवण आली. त्यानं माझा खांदा दाबला. मी तो हात झटकला.

त्यानं हे कुठून ऐकलं, ते आता सांगतो.

गादी आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सातला उठलो. उशाशी चहा नव्हता. मी हाक मारली, मग ओरडलो. दोनदा ओरडलो, चहासाठी. मग उठून गेलो. हौसा स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती, गॅस पेटवलेला नव्हता, पातेल्यात पाणी घेतलेलं होतं. हात गार.

शेजाऱ्यानं डॉक्टरीणबाईंना आणलं. संतोषला फोन गेला, तोही पोचला. बाईंनी नाडी बघितली, डोळे बघितले, खाली फरशीवर बसूनच राहिल्या. मग तमिळमध्ये मला विचारलं, चालत होत्या ना? संतोष दारात उभा. त्याला तमिळ माझ्यापेक्षा चांगलं येतं.

मी म्हणालो, "सोन्नेन. केक्कले." सांगितलं मी. ऐकलं नाही तिनं.

बाई म्हणाल्या, पण तुम्ही तर दर वेळी सांगत होता, थोडं थोडं चालतात म्हणून?

मी म्हणालो, "तीच तसं सांगायला लावायची."

कुणी मला मारत नव्हतं. कुणी दरडावत नव्हतं. नुसता एक प्रश्न होता, हौसाला न कळणाऱ्या भाषेत, आणि ती समोर निजवलेली होती. संतोषनं तोंड फिरवलं. डॉक्टरीणबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि तिलाच म्हणाल्या, ऐकायचं होतंस गं बाई.

मी मान डोलावली.