विचारून घेतलेली चित्रं

माझी थोरली बहीण टाइल्सच्या कारखान्यात गेली बावीस वर्षं फुलं काढते. बाथरूमच्या भिंतीवरची फुलं. दात घासताना आपण ज्या वेलीकडे शून्य नजरेने बघत बसतो, ती तिची असण्याची बरीच शक्यता असते. दोन वर्षांपूर्वी कारखान्याने लोकांची चित्रं न विचारता बघून चित्रं काढायला शिकलेला एक एआय प्रोग्रॅम आणला आणि त्याने पहिल्याच दिवशी ताईचीच वेल, दोन पानं इकडची तिकडे करून, ताईलाच काढून दाखवली. दुसरी कुणी भांडली असती. ताई घरी आली, हातपाय धुतले आणि म्हणाली, असा प्रोग्रॅम आपणच करायचा. फक्त चित्रं विचारून घ्यायची.

वय सत्तेचाळीस. कॉम्प्युटरवर तोवर तिने पाकळ्यांत रंग भरण्यापलीकडे काही केलं नव्हतं. भाऊजींनी आणि मी तिची यथेच्छ चेष्टा केली. आठ महिन्यांत ती जेवताना कोडमधल्या चुकांवर बोलू लागली आणि आम्ही दोघे मुकाट्याने जेवू लागलो. जेवायलाही आता स्वयंपाकघरात उभंच राहावं लागे, कारण जेवणाच्या टेबलावर दोन जुने कॉम्प्युटर आणि त्यांना वारा घालणारा पंखा अशी मंडळी कायमची बसली होती.

तिचा प्रोग्रॅम ओपन सोर्स. म्हणजे कुणीही फुकट घ्यावा, आतून उघडून बघावा, दुरुस्त करून परत द्यावा. या कामाला सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत दर रविवारी वीस-बावीस माणसं जमायची. एक शिंपी, एक्स-रे काढणारी एक बाई, निवृत्त ड्रॉइंग मास्तर, आणि ज्यांचा धंदा मला अजून कळलेला नाही असे बरेच. प्रोग्रॅमला शिकवायला प्रत्येकाने आपली चित्रं आणायची, सोबत सही केलेली चिठ्ठी: हे चित्र माझं आहे आणि मी ते देतो आहे. चिठ्ठी नाही तर चित्र नाही. प्रोग्रॅमच्या पहिल्या पानावर ताईने तसं लिहूनच टाकलं होतं. वाचनालयाच्या हॉलमध्ये तो लोकांसमोर ठेवायची तारीखही ठरली होती.

नऊ दिवस उरले असताना शिंप्याने प्रोग्रॅमला खुर्चीवर बसलेलं मांजर काढायला सांगितलं. मांजर झकास आलं. मात्र कोपऱ्यात लाल शाईची बरोबरची खूण होती आणि खाली दहापैकी सहा असं काहीतरी गिरगटलेलं होतं. सगळे पोट धरून हसले. मी म्हणालो, एवढा नम्र प्रोग्रॅम जगात दुसरा नसेल, स्वतःच स्वतःला मार्क देतो. शिंप्याने दुसरं मांजर मागितलं, त्याला चारच मिळाले, तेव्हा तो खरोखर दुखावला.

ताई मात्र हसली नाही. तिने मास्तरांचा गठ्ठा काढला. तीनशे चाळीस चित्रं, वर मास्तरांची सही. एकूणएक शाळेतल्या पोरांनी काढलेली.

"सर, ही तुमची आहेत?"

"माझीच की," मास्तर म्हणाले. "तीस वर्षं मीच तपासली आहेत."

त्यांच्या आवाजात लबाडीचा लवलेश नव्हता. ज्या कागदावर आपली लाल शाई पडली तो आपला, अशा समजुतीत माणूस निवृत्त झाला होता.

मग खोलीत गलका झाला. एक्स-रेवाल्या बाईंचं म्हणणं, प्रोग्रॅम काढेल त्या चित्राचे कोपरे आपोआप कापले जातील असं करू, दोन दिवसांचं काम. चित्रं काढून टाकायची तर प्रोग्रॅमला पहिल्यापासून शिकवावं लागणार, त्याला अकरा दिवस, आणि हॉल नऊ दिवसांनी. शिवाय मास्तर दरवर्षी 'माझी सायकल' हाच विषय देत, त्यामुळे प्रोग्रॅमला जी काही सायकल येत होती ती या पोरांच्याच जिवावर. मी पोक्तपणे म्हणालो, अगं, पोरांनी शाळेत काढलेली चित्रं ती, विचारायला कोण येणार आहे?

"कुणी येणार नाही. म्हणून तर आपण जायचं," ताई म्हणाली आणि वाचनालयाला फोन लावून तारीख सोडून दिली.

मास्तर कोऱ्या चिठ्ठ्या खिशात कोंबून जिना उतरले. पुढचे तीन आठवडे ते जुन्या विद्यार्थ्यांची दारं वाजवत फिरले. कुणी प्लंबर झालेला, कुणी दोन मुलांची आई. एकसष्ट सह्या मिळाल्या. बँकेतल्या एका बाईने साफ नकार दिला. म्हणाली, सर, त्या सायकलला तुम्ही तीन मार्क दिले होते, ती मी कुणालाही दाखवणार नाही. मास्तरांनी खोलीवर येऊन तिची बाजू हिरिरीने मांडली, जणू तीन मार्क दुसऱ्याच कुणी दिले होते. ताईने फक्त मान हलवली आणि ते चित्र वगळलं.

ज्यांचा पत्ता लागला नाही त्यांचीही वगळली. प्रोग्रॅमच्या पहिल्या पानावर झाली चूक आमच्या नावानिशी लिहिली. मी म्हटलं थोडं मोघम लिही, तर तिने माझ्याकडून शुद्धलेखन तपासून घेतलं आणि मजकूर होता तसाच ठेवला.

सोमवारी सकाळी कारखान्यात जायच्या आधी तिने प्रोग्रॅमला पहिल्या धड्यापासून शिकायला बसवलं. सायकलला आता तीन चाकं येतील, मी बजावलं.

"येऊ दे. ज्याला दोन हवीत तो आपली सायकल घेऊन येईल," ती म्हणाली आणि डबा उचलून निघाली.

भल्या सकाळीच घरी आलेले मास्तर तेवढ्यात खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले होते. शिकण्याचा पहिला एक टक्का पुरा झाला तेव्हा तेवढंच कळवायला त्यांनी ताईला कारखान्यात फोन केला.