आधी मोरी दाखव

सरूमावशी कुणाच्याही घरी गेल्या की चपला पुढच्या दारात काढायच्या आणि घरात शिरायच्या मागच्या दारानं. यजमान हॉलमध्ये वाट बघत बसलेले, उंबऱ्याशी चपला दिसतायत आणि चपलांचं माणूस गायब. तोवर मावशी अनवाणी घराला वळसा घालून, पाण्याची टाकी, भांडी घासायची जागा, दोरीवरचे कपडे असं सगळं नजरेखालून घालून थेट स्वयंपाकघरातून हजर. "पुढलं दार पावन्यांसाठी असतंय," त्या म्हणायच्या. "घर बघायचं आसल तर मागनं जावं."

ही सवय त्यांना लग्नं जमवण्यातून लागलेली. माहेर काष्टीचं, सासर केडगावचं, आणि मधल्या बहुतेक गावांत त्यांनी जमवलेलं एखादं जोडपं नांदत होतं. मुलीकडचे लोक मुलाचं घर बघायला निघाले की गाडीत मावशींची जागा ठरलेली. बाकीचे पोहे खात मुलाच्या नोकरीची चौकशी करायचे, मावशी मोरी बघून यायच्या. मोरी तुंबलेली असली तर परतीच्या वाटेवर एवढंच म्हणायच्या, "या घरात कोन कोनाचं ऐकत न्हाई." झालं, स्थळ बाद.

मी त्यांचा भाडेकरू. राजूरहून नोकरीसाठी केडगावला आलो आणि त्यांच्या घरावरच्या पत्र्याच्या खोलीत राहिलो. रविवारी दुपारी कंपनीतले संतोष आणि अमोल माझ्याकडे खेळायला यायचे. खेळ असा, की एकानं मनानं एखादी जागा रचायची, बहुधा भुयार. त्यात राक्षस, सापळे, खजिना घालायचा. बाकीच्यांनी त्यात शिरलेली माणसं व्हायचं आणि आपण काय करतो ते सांगायचं. जमलं की फसलं, ते फासे ठरवणार. रचणाऱ्याला गेम मास्टर म्हणतात. तो मी. नाव भारदस्त आहे, पण माझी भुयारं अगदीच सुमार असायची. संतोष एक डोळा मोबाईलवर ठेवून खेळायचा आणि अमोल एकदा तिसऱ्या खोलीतल्या राक्षसाशी लढता लढता झोपला.

फाशांचा आवाज ऐकून एका रविवारी मावशी वर आल्या. हा जुगार नाही हे त्यांना पटवता पटवता माझी दमछाक झाली. "पैसं लावत न्हाई? मंग खेळता कशाला?" असं विचारून त्यांनी आमचे घामेजलेले चेहरे बघितले आणि फर्मावलं, "हितं भाजून निघाल. रविवारी खाली हॉलमदी बसत जावा. फकस्त मोठ्यानं बोला."

मोठ्यानं का, ते त्यांनी मला जिन्यात एकट्याला गाठून सांगितलं. त्यांची मुलगी रेखाताई दिवाळीला माहेरी आली होती, ती परत न जाण्यासाठीच. पुण्यात चांगल्या घरात दिलेली. नवऱ्यानं आधी नोकरी सोडायला लावली, मग मैत्रिणी तोडायला लावल्या, शेवटी फोनही काढून घेतला. आता ती आतल्या खोलीचं दार लावून बसायची. कॉलनीतल्या बायका काय झालं, कसं झालं विचारायला यायला लागल्या, तेव्हापासून हॉलमध्ये तिचं पाऊल पडलं नव्हतं. "तुमी पोरं तिला कायबी इचारनार न्हाई," मावशी म्हणाल्या. "नुसता मानसांचा आवाज पडू दे तिच्या कानावर. कदी ना कदी येईल भायेर." मग कठड्यावर हात ठेवून म्हणाल्या, "सातव्या मजल्यावरचा फ्लॅट हुता त्यांचा. त्याला मागलं दारच नव्हतं. तितंच माजं डोकं चालाया पायजे हुतं."

रेखाताई परत आल्यापासून त्यांनी एकही लग्न जमवलं नव्हतं.

आम्ही खाली बसू लागलो. मावशी शेजारी मेथी निवडत बसायच्या. मला वाटलं, बिचाऱ्या कंटाळतील. पहिल्याच रविवारी माझी चौथी खोली सुरू झाली आणि त्यांनी मान वर केली. "ह्यो काय सरकारी दवाखाना हाय का? या खोलीतनं त्या खोलीत, त्या खोलीतनं पुढल्या खोलीत. मदी कुटं वळायचंच न्हाई?"

संतोष इतका हसला की त्याच्या हातून मोबाईल पडला.

"आन धा राक्षस म्हनतोस. त्यांची चूल कुटाय? पानी कोन भरतंय?"

"मावशी, राक्षस आहेत ते."

"आसू दे की. अंगूळ करत्यात का न्हाई?"

"नसतील करत."

"मंग आदीच्या खोलीतच वास याया पायजे. तू सांगितलाच न्हाईस."

मी तोंड वाकडं केलं. मनात म्हटलं, आता ही बाई मला भुयार शिकवणार. पण पुढच्या रविवारी गुपचूप वास घातला, आणि संतोष दाराबाहेरच थबकला. आत काय असेल, यावर त्याची नि अमोलची चांगली जुंपली. माझ्या भुयारात कुणी दार उघडायला घाबरलं, असं पहिल्यांदाच घडत होतं. मला भरून आलं, पण दाखवलं नाही.

तेव्हापासून मावशींची शिकवणीच सुरू झाली. शेजारी शेजारी राहणारे राक्षस भांडत नाहीत, हे त्यांना मान्यच नव्हतं. "भाऊभाऊ बांदावरनं कोरटात जात्यात, आन ह्ये गुन्यागोविंदानं नांदत्यात व्हय?" म्हणून मी दोन टोळ्यांत पाण्यावरून भांडण लावलं. अमोलनं एका टोळीची बाजू घेतली आणि अख्खी दुपार तलवार न उपसता रंगली. खजिन्याची किल्ली कुणाकडे, हेही मला आधी ठरवावं लागे. "थोरली राक्षसीन कोन ते सांग. किल्ल्या तिच्या कमरंला."

शेवटी आम्ही त्यांनाच खेळात घेतलं. मी तलवार देऊ केली, तर म्हणाल्या, "तलवार नको. पिशवी दे." संतोष आणि अमोल पुढचं दार फोडत असायचे, तेवढ्यात मावशी मागून शिरून राक्षसांच्या स्वयंपाकघरात बसलेल्या असायच्या. एकदा तर त्यांनी तिथल्या धाकट्या राक्षसासाठी पलीकडच्या डोंगरातलं स्थळ काढलं. माणसांची लग्नं सोडली होती, राक्षसांची चालत असावीत. खेळ संपला की माझा नकाशा ओढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "आदी मोरी दाखव." महिनाभरात माझी अशी गत झाली की कागद समोर आला की राक्षसाच्या आधी मोरी काढली जायची.

आतल्या खोलीचं दार मात्र बंदच असायचं. मावशींचं एक लक्ष मेथीकडं, दुसरं तिकडं. मग एका रविवारी ते बोटभर उघडं दिसलं. पुढच्या रविवारी वीतभर. मी आवाज आणखी चढवला. खरं सांगायचं तर तोवर मी भुयारं संतोष-अमोलसाठी रचतच नव्हतो, त्या दारामागच्या माणसासाठी रचत होतो.

आणि अशात मी माती खाल्ली.

मला वाटलं, हल्ली सगळे फार सहज बाहेर पडतात, जरा कोंडू यांना. एक दगडी गढी रचली. दार एकच. सगळे आत गेले की धाडकन बंद होणारं. मी खर्जातला आवाज काढून म्हणालो, "दार बंद झालं. या गढीला दुसरं दार नाही." संतोष आणि अमोल खूश. मावशींचा मेथीतला हात मात्र थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आतल्या दाराकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं आपण काय बोललो ते. जीभ चावून काय उपयोग, शब्द निघून गेला होता.

संतोषनं कुऱ्हाड घातली, फासा उलटा पडला. अमोलनं भिंती ठोकून बघितल्या. मावशींची पिशवी उघडलीच नाही. खेळात त्यांना काही सुचत नाही, असं कधी झालं नव्हतं. आता ते दार लागणार, आणि ते माझ्यामुळे.

"मोरी कुठाय?"

आवाज मावशींचा नव्हता. रेखाताई दारात उभी होती. ओढणी सारखी करत तिनं पुन्हा विचारलं, "आत कुणीतरी राहत होतं ना? मग सांडपाणी कुठून बाहेर जातं?"

मी नकाशा बघितला. वाट मी ठेवलीच नव्हती. मोरी मात्र होती. मावशींच्या धाकानं हात आपसूक काढून गेला होता, कोपऱ्यात, भिंतीखालून रेघ ओढून तटाबाहेर सोडलेली.

"आहे," मी म्हणालो.

"केवढी?"

अशा वेळी गेम मास्टरनं फासे टाकायचे असतात. मी टाकले नाहीत. "एक माणूस सरपटत जाईल एवढी."

"मग मी जाते," रेखाताई म्हणाली, "आणि बाहेरून यांचं दार उघडते."

मावशी उठल्या. आपली खुर्ची तिच्याकडे सरकवून म्हणाल्या, "हितं बस. माजं दूध उतू चाललंय." गॅसवर काहीच नव्हतं, ते हॉलमधूनही दिसत होतं. त्या आमच्याकडे पाठ करून बराच वेळ ओट्याशी उभ्या राहिल्या.

पुढच्या रविवारी मी त्यांच्यासाठी वेगळी खुर्ची मांडली. त्या बसल्या नाहीत. "मला काय करायचंय तुमच्या भुयारात? लई कंटाळवानं असतंय." आणि मी इतके दिवस कंपनीत सांगत फिरत होतो, की आमच्या मावशींना माझ्या खेळाचं वेड लागलंय. मी फुगून विचारलं, मग एवढे रविवार कशाला बसलात? "माजं काम झालं," त्या म्हणाल्या. पुन्हा कधी त्या खेळल्या नाहीत. स्वयंपाकघरातून तेवढं ओरडायच्या, "मोरी काढली का रं?"

रेखाताईनं पुढे नगरला एका लॅबमध्ये नोकरी धरली. गेम मास्टरही तीच झाली, कारण माझ्यापेक्षा ती फारच बरी रचायची, हे संतोषनं माझ्या तोंडावर सांगितलं. माझी बदली चाकणला झाली.

गेल्या श्रावणात मावशी गेल्याचा रेखाताईचा फोन आला. दुसऱ्या दिवशी केडगावला पोचलो. पुढच्या अंगणात खुर्च्यांवर माणसं बसलेली. मी चपला पुढच्या दारात काढल्या, आणि पाय आपोआप घराला वळसा घालून निघाले. टाकी भरलेली होती. दोरीवर मावशींचं एक लुगडं वाळत होतं. मागचं दार उघडं होतं आणि दारात रेखाताई.

"चपला दिसल्या तुझ्या," ती म्हणाली. "म्हटलं, येशीलच इकडून."

मला रडू आलं. तिनं बादली पुढे केली. मी मोरीवर पाय धुतले. पाणी कुठेही न तुंबता निघून गेलं.