डोळ्यात टिकणारं जाळं

रेवती काळमेघ आयर्लंडमधल्या मेनूथच्या विद्यापीठात ज्या प्रयोगशाळेत काम करायची, तिथे अधूनमधून खाटीकखान्यातून बर्फाच्या डब्यात डुकरांचे डोळे यायचे. डोळ्याच्या आत अंड्याच्या पांढऱ्यासारखा स्वच्छ, बुळबुळीत गर असतो. तो काढायचा आणि आपण बनवलेलं जाळं त्यात टिकतं का ते बघायचं, हे तिचं काम.

उतारवयात काहींच्या डोळ्याच्या पडद्याखाली नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात. त्या पाझरतात आणि मधली नजर जाते. त्यावर औषध आहे, पण ते डोळ्यातच टोचावं लागतं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा. हे टोचणं वर्षातून दोनदाच करावं लागावं, अशी रेवतीची खटपट होती. त्यासाठी ती प्रथिनांचे अगदी छोटे तुकडे रचत असे. साध्या पाण्यात ते सुटे तरंगतात; डोळ्यातल्या क्षारांशी गाठ पडली की कुणी न जोडता एकमेकांना धरतात. त्यांचे धागे होतात, धाग्यांचं जाळं होतं, केसाहून हजारपट बारीक. त्या जाळ्यात औषध अडकवलं की ते हळूहळू सुटत राहील, अशी कल्पना.

हा विषय तिने आईसाठी घेतला होता. अमरावतीला तिचा, प्रमोदिनीबाईंचा, डावा डोळा याच आजाराने निकामी झाला होता. उजवा इंजेक्शनांवर तग धरून होता. वडील गेल्यावर आई एकटीच राहायची. २०२०च्या फेब्रुवारीत रेवतीने तिला तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. आई इंजेक्शन घेऊनच निघाली होती आणि पुढचं डब्लिनच्या एका खासगी दवाखान्यात ठरलं होतं. मार्चमध्ये कोरोनामुळे प्रयोगशाळा बंद झाली, विमानं बंद झाली आणि त्या दवाखान्याने नवे रुग्ण घेणं थांबवलं.

एप्रिलमधली गोष्ट. रेवती स्वयंपाकघरात प्रेस उघडून डाळ शोधत होती. इथल्या लोकांसारखी तीही आता कपाटाला प्रेसच म्हणायची. आई खुर्चीत बसून दाराकडे बघत होती.

"रेवा, या लोकायनं तुह्या घराचं दार वाकडं कसं काय बसवलं वं?"

रेवतीचा हात तिथेच थांबला. "कुठे वाकडं आहे, आई?"

"मधातच. चौकटीले पोट आलं हाय पाह्य."

"कधीपासून?"

"झाले असतीन चारपाच दिस. मले वाटलं लाकूड फुगलं."

त्याचा अर्थ रेवतीइतका नीट क्वचितच कुणाला कळला असता. उजव्या डोळ्यातही पाझर सुरू झाला होता. तिने गावातल्या डॉक्टरला फोन केला. त्याने फोनवरच तपासणी केली आणि सरकारी रुग्णालयाला चिठ्ठी पाठवली. रुग्णालयाने मेअखेरची तारीख दिली. लवकर हवंय, उशीर झाला तर डाग पडेल, असं रेवतीने पुन्हा पुन्हा सांगितलं. पलीकडची बाई मायेने बोलायची आणि तारीख तीच राहायची.

नेमका त्या तारखेला आईला खोकला होता. दारातच ताप मोजणाऱ्या परिचारिकेने त्यांना परत पाठवलं. आधी चाचणी करा म्हणाली. चाचणीत काही निघालं नाही, पण पुढची वेळ मिळायला जून संपला. डॉक्टरने डोळा तपासला, इंजेक्शन दिलं आणि रेवतीला बाजूला घेऊन सांगितलं की पडद्यावर व्रण धरलाय, गेलेली नजर परत येणार नाही.

आईला कडेचं दिसायचं, मधलं नाही. भिंती, खिडकी, येणारा माणूस दिसे. चेहरा दिसत नसे. रेवतीकडे बघायचं असलं की ती तिच्या कानापलीकडे बघायची.

प्रयोगशाळा उघडली तेव्हा पाळ्या लावल्या होत्या. रेवती मिळेल ती पाळी घ्यायची. आधीचं जाळं डोळ्यातल्या गरात आठवडाभरातच विरघळायचं. तिथली पाचक द्रव्यं ते कुरतडत. मग तिने तुकड्यांमधले काही घटक त्यांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे उलटे घातले. ते कुरतडता येईनात. जाळं टिकलं, महिने टिकलं. पण धागे एकमेकांवर चढून जाड होत गेले आणि सगळा गर दुधाळ झाला.

प्रयोगशाळेची प्रमुख ओर्ला हिने त्या गराची काचेची नळी दिव्यासमोर धरली.

"टिकलंय तर ग्रँड," ती म्हणाली. ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत छान.

"यातून उजेड जात नाही, ओर्ला. डोळ्यात घातलं तर माणूस यानेच आंधळा होईल."

ओर्लाने नळी खाली ठेवली. रेवतीने हिवाळाभर आणखी रचना करून पाहिल्या. जे स्वच्छ राहायचं ते विरघळायचं, जे टिकायचं ते गढूळ व्हायचं. आपण चुकीच्या वाटेवर आहोत हे तिला जानेवारीतच कळलं होतं. पण घरी आई चाचपडत चहा करत असताना ते कबूल करणं तिला जमत नव्हतं.

"ते तुहं जाळं झालं काय वं?" एकदा आईने विचारलं.

"नाही."

"मंग माह्यासाठी नोको करू आता. मले सवय झाली."

आईला खरंच सवय झाली नव्हती; चहा सांडला की ती पुसायचीही नाही, नुसती उभी राहायची.

२०२१च्या मार्चमध्ये आईने परत जायचा हट्ट धरला. इथे भिंतीही ओळखीच्या नाहीत, म्हणाली. विमानतळावर चाकांच्या खुर्चीत बसवून रेवतीने तिला पाठवलं. शेजारच्या संध्याताई तिथे तिचं बघू लागल्या. एप्रिलमध्ये तिकडे साथीने हाहाकार उडाला आणि रेवतीचं जाणं राहिलं ते राहिलंच. त्याच उन्हाळ्यात विद्यापीठातल्या तिच्या नोकरीची मुदत संपली. नवं अनुदान आलं नाही. तिने मागितलंही नाही. डब्लिनजवळच्या चेरीवूडच्या एका कंपनीत तिला दुसऱ्यांच्या यंत्रांची माहितीपत्रकं तपासायचं काम मिळालं.

ऑक्टोबरमध्ये ओर्लाचा फोन आला. फ्रीजरमध्ये रेवतीचे नमुने अजून होते, आणि नव्या मुलीला जागा हवी होती.

"काही ठेवायचंय का? म्हणजे मी वेगळं काढते."

"नको," रेवती म्हणाली. "सगळं टाकून दे."

संध्याकाळी आईशी बोलताना तिने हे सांगितलं नाही. आईनेही त्या कामाचं काही विचारलं नाही. जेवलीस का, एवढंच विचारलं, आणि रेवती हो म्हणाली.