फोटोतला सहावा माणूस

कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर, समुद्रतळाखाली पसरलेल्या कथलाच्या खाणीवर लव्हडे नॅनकर्विस पोरवयापासून धोंडे फोडायची. हात राठ झाले होते, जीभ त्याहून राठ. नवरा पास्को तरुणपणीच गेला. खालच्या बोगद्यात पाणी घुसलं आणि वर पळालेल्यांत तो नव्हता. प्रेत मिळालं नाही, म्हणून थडगंही नाही.

मुलगा जॅगो पुढे त्याच खाणीत उतरला. त्या वर्षी शहरातला एक फोटोग्राफर पेटी घेऊन खाली गेला आणि लख्ख उजेड पाडून त्याने पाच जणांचा फोटो काढला.

फोटो घरी आला. लव्हडेने तो खिडकीशी धरला. माणसं सहा होती. जॅगोच्या मागे कुणीतरी उभं होतं. टोपीवरची मेणबत्ती विझलेली, चेहरा पुसट, डावा खांदा उतरलेला. पास्कोचा खांदा लहानपणी निखळून तसाच बसला होता.

"तुझ्या मागे कोण होतं रे?"

"मागे? नुसता खडक, आई." जॅगो हसला. मग मान चोळत म्हणाला, "गार लागत होतं मात्र. ओला हात ठेवल्यासारखं."

फोटो काढताना कुणीतरी हललं असेल, म्हणून दोनदा उमटलं, असं गाव म्हणालं. लव्हडेने वाद घातला नाही. फोटो घेऊन ती थेट मुकादमाकडे गेली.

"त्या खडकामागे पास्को बुडाला तो जुना बोगदा आहे, पाण्याने भरलेला. खणाल तर सगळे बुडाल."

मुकादम आधी हसला. मग त्याने फोटो पाहिला. पास्कोबरोबर त्याने कामं केली होती. त्याचं हसू मावळलं.

त्याने बाकीची माणसं वर काढली आणि दोघांकडून खडकात बारीक, लांब भोक पाडून घेतलं. काळं, कुजकट पाणी पिचकारीसारखं उडालं. कित्येक आठवडे ते थोडं थोडं उपसलं. जुना बोगदा कोरडा झाला, तेव्हा पास्को तिथेच सापडला, त्याच खडकाला पलीकडून पाठ टेकून बसलेला.

पुरताना लव्हडे रडली नाही. खड्ड्यात वाकून म्हणाली, "झालं ना आता? पोर सुखरूप आहे. पड निवांत."

जॅगो म्हातारा होऊन अंथरुणात मेला. नॅनकर्विसांच्या घरात तो फोटो अजून आहे, आणि माणसं अजून सहाच आहेत. लव्हडेचा मात्र एकही फोटो नाही. फोटो काढून घे म्हणून नातवंडं फार मागे लागली, तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "मी राहीन रे उभी. पण शेजारी कोण येऊन उभं राहील, त्याचा काय नेम?"