मिशी मऊ करण्याचा खटाटोप

रहिमतपूरच्या लालासाहेबांची मिशी आधी यायची आणि मागाहून लालासाहेब. पलटणीतून सुभेदार होऊन परतलेला गडी. आता आल्याची शेती, पण ऐट तीच. मिशीची दोन्ही टोकं कायम आभाळाकडं. सकाळी मेण लावून, पीळ भरून, आरशातल्या स्वतःलाच एक सलाम ठोकल्याशिवाय हा माणूस चहाला शिवत नसे. बायको अंबूबाई म्हणायची, "माज्यापरीस त्या मिशीचंच लय कौतिक." आणि खरं सांगायचं तर त्यात खोटं काही नव्हतं.

साऱ्या गावानं मानलेल्या या मिशीला एकच माणूस मानत नव्हतं, ते म्हणजे तीन वर्षांची नात शिवांजली. मुलगा ऋषिराज आणि सून रेश्मा शिरवळला राहायचे. रेश्मा तिथल्या एका शाम्पूच्या कारखान्यात, लॅबमध्ये कामाला. रविवारी तिघं रहिमतपूरला यायची. लालासाहेब आदल्या दिवसापासून दाराकडं डोळे लावून. पोरगी गाडीतून उतरली की हे पापा घ्यायला वाकणार, आणि ती चार आळ्यांना ऐकू जाईल असा टाहो फोडणार. "आबा टोचतो!" मग दिवसभर पोरगी आजीच्या पदरामागं आणि सुभेदारसाहेब ओट्यावर एकटे. वरवर मिशीला पीळ देत बसायचे, पण आतून फार लागायचं त्यांना.

"काढून टाका की ती केरसुणी," अंबूबाई म्हणाली.

"मिशी काढू? त्यापरास नाक काढतो."

आता नवऱ्याचं नाक काढून कुणाचं भलं व्हायचं? अंबूबाईनं विषय सोडला.

अशाच एका रविवारी रेश्मा सासूला न्हाणीघरात बाटली दाखवत होती. "आत्या, हा शाम्पू वापरून बघा. यात पॉलिमर असतं, केस मऊ करणारं." भिंतीपलीकडं लालासाहेबांचे कान टवकारले. केस मऊ होतो म्हणजे मिशीही मऊ होणार. ती काय वेगळ्या पिकाची आहे का? सून गेल्यावर बाटली गुपचूप त्यांच्या कपाटात गेली.

आणि इथंच त्यांच्यातल्या शेतकऱ्यानं घात केला. आल्याच्या पिकावर फवारणी करून करून त्यांच्या डोक्यात एकच नियम पक्का होता. औषध मारायचं, पानावर वाळू द्यायचं, आणि वर पाऊस पडू नये म्हणून देवाला हात जोडायचे. पानावर औषध धरून राहावं म्हणून त्यात स्टिकर घालतात, तसलंच हे काहीतरी असणार. मग धुवायचं कशाला? त्यांनी बोटभर शाम्पू मिशीला चोपडला आणि पंख्याखाली बसून वाळवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक हात. तिसऱ्या दिवशी आणखी एक. मिशी मऊ व्हायची सोडून पापडासारखी कडक झाली. डोस कमी पडतोय, असं म्हणून त्यांनी तो वाढवला. धन्य तो गडी!

त्या आठवड्यात जुने दोस्त तात्या यांच्या अंगणात माजी सैनिकांची बैठक भरली. विषय लालासाहेबांच्या पंचाहत्तरीचा. चौकात भला मोठा फ्लेक्स लावायचा, त्यावर मिशीचा झोकदार फोटो, रविवारी फोटुवाला घरी येणार, असं सगळं ठरलं. मग चहा आला. लालासाहेबांना बशीत ओतून, फुर्र करून प्यायची सवय. दुसऱ्या घोटाला मिशी भिजली आणि ओठांवरून पांढरा फेस यायला लागला. ते पुसायला गेले तर आणखी आला. तात्या खुर्चीवर चढून उभे राहिले.

"लालासाहेब, कुत्रं कवा चावलं रं तुला?"

"मला कशाला चावतंय कुत्रं?" असं ते बोलले खरे, पण बोलतानाही बुडबुडे उडाले. ते घरी पोचतात तोवर बातमी पुढं गेलेली; शेजारच्या रंगुबाईंनी कुंपणावरून अंबूबाईला हळूच विचारलं, पाण्याला भितात का म्हणून. ते ऐकून लालासाहेब तडक चौकात गेले आणि सगळ्यांदेखत तांब्या तोंडाला लावून घटाघटा पाणी प्यायले. त्यानं तर एवढा फेस झाला की पानटपरी रिकामी झाली.

पुढच्या रविवारी सारं रेश्माच्या कानावर गेलं. ती पोट धरून हसली, आणि सासऱ्यांचं तोंड उतरलेलं बघून गप्प झाली. फोटुवाल्याला आठवडाभर थांबायला सांगितलं.

"आबा, मिशी मऊ कशाला करायचीय तुम्हाला?"

लालासाहेबांनी आजीच्या पदरामागच्या पोरीकडं नुसतं बघितलं. रेश्माला पुढं विचारायची गरज पडली नाही. तिनं पाट ओढला आणि समजावायला बसली.

"केसावर बारीक खवले असतात, कौलं एकावर एक बसवावीत तसे. ऊन, धूळ, घासणं यानं ते उचकटतात, म्हणून केस खरखरीत लागतो. अशा झिजलेल्या केसावर विजेचा ऋण भार येतो. पॉलिमर म्हणजे एक लांबलचक साखळी, आणि तिच्यावर धन भार. दोघं एकमेकांना ओढतात. साखळी केसावर पसरून बसते, खवले दबतात, हात सुळकन फिरतो."

"म्हंजी स्टिकरच की."

"स्टिकरच. पण बाटलीत ते साबणात गुंतलेलं असतं. वर भरपूर पाणी ओतलं की साबण पातळ होतो, मग पॉलिमर सुटं होऊन केसावर बसतं. ते पाण्यानं वाया जात नाही आबा, पाण्यानंच बसतं. तुम्ही नुसता साबण वाळवलात. आणि आधी ते मेण काढा, मेणाच्या थरावर ते नीट धरायचं नाही."

"पानी मारल्यावर चिकटनारं औषध," लालासाहेब पुटपुटले. "असलं उलटं शास्त्र आमच्या पलटनीत चाललं नसतं."

पण चाललं. मेण निघालं. रोज शाम्पू, रोज पाणी. आठवडा सरता सरता मिशी अशी मऊ झाली की ते येताजाता स्वतःच्याच मनगटावर घासून बघायचे. फक्त एक भानगड झाली. ती उभी राहीना. मेणाचा आधार गेलेला, केस गुळगुळीत, पीळ भरला की सुटायचा. दोन्ही टोकं म्हशीच्या कानागत खाली लोंबली. अशा तोंडाचा फ्लेक्स चौकात लागला असता तर तात्यांनी जन्मभर बोलून दाखवलं असतं.

"फोटूपुरतं मेण लावा," अंबूबाईनं तोडगा काढला. "पोरगी यायच्या आत धुऊन टाका."

ठरलं. रविवारी सकाळी लालासाहेब मेणाची डबी घेऊन ओट्यावर बसले, आणि नेमकी शिरवळची गाडी लवकर आली. शिवांजली उतरली. लालासाहेब वाकले नाहीत, हललेसुद्धा नाहीत. भीतीच वाटली त्यांना, लढाईतल्या माणसाला.

पोरगी आपणहून जवळ आली. लोंबत्या मिशीला एक बोट लावून बघितलं. "मांजर," ती म्हणाली आणि सरळ मांडीवर चढून बसली. मग इकडंतिकडं बघत हळू आवाजात विचारलं, "आबा कुठंय?"

लालासाहेबांनीही आवाज बारीक केला. "का गं?"

"आबा टोचतो. मी आले, त्याला नको सांगू."

"न्हाई सांगत," ते म्हणाले.

तिनं गाल मिशीवर टेकवला आणि तिथंच ठेवला. सुभेदारांचे डोळे भरून आले.

फाटकात मोटरसायकल थांबली. आतून अंबूबाई म्हणाली, "आवं, फोटुवाला आलाय. मेण लावताय न्हवं?"

लालासाहेबांनी डबी हळूच धोतराखाली सरकवली.

"त्येला सांग," ते अगदी दबक्या आवाजात म्हणाले, "आबा घरात न्हाईत."