शेंदूर लागलेला नमुना

"हिनं नमुन्याला शेंदूर फासलाय बघ! आता नारळ कधी फोडायचा, विचार तिला."

प्रयोगशाळेच्या दारातच हे ऐकलं आणि मी बाहेर थांबले. आत माझ्या वर्गातल्या दोघी हसत होत्या. टेबलावर माझा दगड होता आणि तो खरंच शेंदरानं माखलेला होता. सकाळी मीच तो तसा पिशवीत घालून आणला होता. दुसरा नव्हता.

दगड अरवलीतला. एम.एस्सी.च्या अभ्यास-सहलीत रस्त्यासाठी फोडलेल्या एका कड्यातून मी तो काढला होता. पुढे तो कडा सिमेंटच्या भिंतीआड गेला. डोंगर उठताना दाबानं आणि उष्णतेनं अशा दगडात मोनाझाइट नावाच्या खनिजाचे बारीक कण तयार होतात. त्यांतल्या युरेनियम-थोरियमचं हळूहळू शिसं होत जातं. ते मोजलं की डोंगर कधी उठला ते कळतं. माझा सगळा प्रबंध या एका दगडावर उभा होता.

घरी तो टॉवेलात गुंडाळून गच्चीवर ठेवला होता. देवगाव रंगारीहून आत्या आली होती. ती मेंढरं राखते. मी बाहेर गेलेली असताना तिनं टॉवेल उघडला, दगडाला तेल-शेंदूर लावला आणि पुढे उदबत्तीही खोचली.

"आत्या, काय केलंस हे!"

"टावेलात गुंडाळून कुणी धोंडा आणतं व्हय? म्या म्हणलं, पोरीनं देवच आणला." मग दगडाच्या वळ्यांवरून बोट फिरवत म्हणाली, "ह्यो आपल्या डोंगराचा नाय. आपल्याकडं थरावर थर, सरळ. ह्याला कुणीतरी पिळलाय. लई सोसलंय ह्यानं."

मी उदबत्ती काढून ठेवली आणि तिचं बोलणं तिथंच सोडलं. इंग्रजी शाळेत होते तेव्हापासून आत्याची भाषा घरी ठेवून बाहेर पडायची मला सवय आहे.

प्रयोगशाळेत माझ्या मार्गदर्शक सरांनी दगड हातात घेतला. "शेंदरात शिसंच असतं," एवढंच म्हणाले. आणि शिसंच तर मोजायचं होतं.

चारी बाजूंनी दोन-दोन बोटं दगड मी करवतीवर कापून टाकला. उरलेल्या गाभ्यातले दोन जागचे कण निवडले. काही गार्नेट या लाल खनिजाच्या पोटात बंद असलेले, काही कापलेल्या कडेजवळचे. शेंदूर आत झिरपला असता तर कडेच्या कणांत जादा शिसं येऊन ते उगाच म्हातारे दिसले असते.

दोन्हीकडचं वय जुळलं. आकडे मी तीनदा तपासले, मग जिन्यात जाऊन एकटीच हसले.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "नमुन्याचा एवढा भाग का कापून टाकलात?" प्रबंधात मी इंग्रजीत 'पृष्ठभाग दूषित' इतकंच लिहिलं होतं. तेवढं म्हणून सुटता आलं असतं. मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं.

"सर, माझ्या आत्यानं त्याला शेंदूर लावला होता," मी मराठीत म्हणाले. "ती मेंढरं राखते. हा दगड आपल्याकडचा नाही, पिळला गेलाय, हे तिनं नुसतं बोट फिरवून सांगितलं होतं. मी फक्त कधी पिळला ते शोधलं."